फेन्समांच्या घरातल्या केझाया

केझाया फेन्सम ठार बहिरी आहे, असं आमच्या गल्लीत नवीन राहायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात कोणीतरी सांगतं. लहानपणी घटसर्प झाला होता, त्यात कान गेले, अशी पुरवणीही जोडली जाते. मग तो बिचारा नवखा तिच्या दाराशी उभा राहतो, छातीत हवा भरतो आणि ओरडतो, "अहो बाई, तुमची कोंबडी आमच्या वाटाण्यात शिरलीय!" केझाया हातातल्या विणायच्या काड्यांवरून नजरही न काढता सांगते, "कोंबडी माझी नाही. माझी असती तर तुमच्या वाटाण्याकडे तिनं ढुंकून पाहिलं नसतं."

म्हणजे कान शाबूत आहेत. नुसते शाबूत नाहीत, भिंतीपलीकडच्या घरात नवरा-बायको कशावरून अबोला धरून बसलेत, ते तिला त्या अबोल्यावरूनच कळतं. अफवा उठली ती अशी की लहानपणी सलग काही वर्षं तिला एका नावाने हाका मारल्या जायच्या आणि ती वळून पाहायची नाही. ते नाव तिचं नव्हतं. आता एखाद्या पोरीला तिचं नसलेलं नाव का चिकटवलं, हे समजावून सांगण्यापेक्षा ती बहिरी आहे म्हणणं सोपं. आमच्या बार्ली एंड गावात सोप्या गोष्टी फार लवकर खऱ्या होतात.

आज केझाया पन्नाशीच्या पुढे आहे. वीटभट्टीवरच्या एका कमी बोलणाऱ्या माणसाशी तिने लग्न केलं, पोरं वाढवली, आणि प्रत्येक पोराला असं नाव दिलं की जे गावात आधी कोणाचंच नव्हतं. त्यावरून सासूने पुष्कळ आदळआपट केली, पण केझाया भांडली नाही. ती भांडत नाहीच. ती फक्त असते, तिथून हलत नाही.

तर मूळ गोष्ट अशी. एबेल फेन्सम शेतावर घोडे हाकायचा. नांगराचे चार घोडे त्याच्या शब्दाबाहेर नव्हते, आणि घरातली माणसंही तशीच आहेत असा त्याचा समज होता. बायको डोर्कस, गावातल्या सगळ्या बायकांसारखी, टोप्यांसाठी गव्हाच्या काड्यांच्या वेण्या विणायची. एबेलच्या आईचं नाव केझाया. ती गेली त्याच वर्षी पहिली मुलगी झाली, तिला आजीचं नाव दिलं. ती मुलगी दोन वर्षांची होऊन खोकल्याने गेली. पुढच्याच वर्षी दुसरी झाली. तिचंही नाव केझाया. यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे तशी रीतच होती. मेलेल्या पोराचं नाव पुढच्या पोराला द्यायचं, जोडे द्यायचे, अंथरुणातली भिंतीकडची जागा द्यायची.

दुसऱ्या केझायाला हे सगळं मिळालं. पहिलीचं स्टूल, पहिलीची एक हात तुटलेली लाकडी बाहुली, आणि "पहिली असं करत नव्हती" हे आईचं वाक्य. चार वर्षांची असताना तिने एकदा विचारलं, "आई, पहिली केझाया कुठेय?"

"देवाघरी."

"मग मी कुठेय?"

डोर्कसने जरा विचार केला असावा, कारण तिचे हात क्षणभर थांबले. मग ती म्हणाली, "काड्या ओल्या कर."

काड्या ओल्या करणं म्हणजे तोंडात धरणं. डाव्या काखेत चिरलेल्या काड्यांची जुडी, तिथून एक-एक काडी ओठांमधून ओढायची, थुंकीने मऊ झाली की वेणीत घालायची. चालताना, बोलताना, पोर कडेवर असताना, देवळातून घरी येताना, हात चालूच. आमच्या गावात बाईचं वय तिच्या ओठांच्या कोपऱ्यांवरून कळायचं. तिथली चीर भरून येईनाशी झाली की पोर लग्नाची झाली असं समजायचं. केझायाला पाचव्या वर्षी इम्पीबाईच्या शाळेत घातलं. शाळा म्हणजे इम्पीबाईचं स्वयंपाकघर. वीसेक पोरं गुडघ्याला गुडघा लावून बसायची, आणि थंडीत ज्यांच्या आया चांगल्या त्यांच्या घागऱ्याखाली निखाऱ्यांचं मडकं असायचं. अक्षरओळख म्हणाल तर इम्पीबाईला स्वतःलाच नव्हती. तिच्याकडे छडी होती आणि ती तिला उत्तम वाचता यायची.

केझाया तिथे चांगली विणायची. तिच्याबद्दल इम्पीबाई म्हणायची, "ही पोर म्हणजे भिंत आहे. भिंतीला हात असते तर तीही अशीच विणत बसली असती." हे कौतुक होतं. इम्पीबाईकडून त्यापेक्षा जास्त कोणाला मिळालं नाही.

मग राणीचा नवरा वारला.

तो नाताळच्या आधी वारला आणि जानेवारीपर्यंत सगळ्या देशातल्या बायकांना सुतकासाठी काळ्या टोप्या हव्या झाल्या. ल्यूटन शहरातले टोप्यांचे व्यापारी रंगवलेल्या काड्यांचे भारे गाड्या भरभरून पाठवायला लागले. तो रंग घाईत केलेला. पाण्याला टिकला असता, थुंकीला टिकत नव्हता. आठवड्याभरात आमच्या गल्लीतल्या सगळ्या पोरांचे ओठ काळे, जिभा काळ्या, हनुवटीवर काळे ओघळ. राणीच्या दुःखाचा खरा भार कोणी उचलला असेल तर तो आमच्या पोरांच्या जिभांनी. एकमेकांना जीभ काढून दाखवण्यातली मजाच गेली, सगळ्यांच्याच सारख्या. रविवारी घासून-घासून तोंडं धुतली जायची, सोमवारी दुपारपर्यंत पुन्हा तेच.

फेब्रुवारीत घटसर्प आला. गल्लीच्या वरच्या टोकाला सुरू झाला आणि घरं ओलांडत खाली उतरला. कुठे थांबेल, कुठे नाही, याला काही नियम नव्हता. केझाया मंगळवारी शाळेतून आली ती गळा धरूनच. तिला शिडीवरून माळ्यावर नेऊन निजवलं, गळ्याला हंसाची चरबी चोळलेलं फडकं बांधलं. डोर्कसला सातवा महिना चालू होता. तिने वर जायचं नाही असं ठरलं, म्हणून ती खालूनच हाका मारायची, "केझाया, गिळता येतंय का गं?" वरून उत्तर यायचं नाही. गिळता येत नसेल तर बोलता कुठून येणार.

आता ओडेल म्हातारीबद्दल सांगायला हवं. गावात जन्माला तीच आणि मरणालाही तीच. एप्रन एकच, फक्त जन्माच्या वेळी सुलट आणि मरणाच्या वेळी उलट. कोण जगणार आणि कोण जाणार हे सांगण्यात ती तोवर एकदाही चुकली नव्हती, आणि या गोष्टीचा तिला पाद्र्याला देवाचा असतो त्यापेक्षा जास्त अभिमान होता. ती एखाद्या घरातून मान हलवत बाहेर पडली की सुतार फळ्या शोधायला लागायचा. तिची खूण म्हणजे ओठ. ओठ काळे पडले की संपलं. पायाचे तळवे, डोळे, श्वास, हे सगळं तिच्या मते शिकाऊ बायकांसाठी होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती शिडी चढून माळ्यावर गेली. छपराखाली अंधार, खिडकीला फडकं, म्हातारीचे डोळे आधीच मंदावलेले. तिने वाकून पोरीचं तोंड पाहिलं आणि खाली उतरली.

"एबेल," ती म्हणाली, "पोरीचे ओठ काळे पडले. उद्याची सकाळ नाही बघत ती."

वीसेक घरांत वीसेक पोरं काळ्या ओठांनी बसलेली होती, हे तिच्या ध्यानात आलं नाही. एबेलच्याही नाही. पोरीचं तोंड धुवायचं कोणालाच सुचलं नव्हतं, कारण ते काम आईचं, आणि आई त्याच क्षणी टेबलाची कड धरून खाली बसली होती. कळा सुरू झाल्या होत्या. फार लवकर.

म्हातारीने एप्रन सुलटा केला. दिवे लागायच्या आत मूल झालं, मुलगी, सशाच्या पिल्लाएवढी, निळसर, आवाज नाही. म्हातारीने तिला उलटं धरून थोपटलं, फडक्यात गुंडाळलं आणि म्हणाली, "हीही फार थांबायची नाही. पाद्र्याला बोलव. पाणी तरी पडू दे डोक्यावर, म्हणजे कबरस्तानाच्या कुंपणाच्या आत जागा मिळेल."

पाद्री थर्लो गावात नवा होता, नाताळपासूनचा. चिखलाने भरलेले बूट दाराशी काढायचे की नाही हे त्याला कळेना, म्हणून तो एक काढून एक घालून आत आला. पाण्यासाठी पीठ मळायचं भांडं दिलं. त्याने पुस्तक उघडलं आणि विचारलं, "मुलीचं नाव?"

एबेलने डोर्कसकडे पाहिलं. डोर्कसचं तोंड भिंतीकडे होतं.

"केझाया," एबेल म्हणाला. "माझ्या आईचं नाव. घरात एक असायलाच हवी."

"तेच," भिंतीकडून डोर्कस म्हणाली.

माळ्याच्या फळ्यांमध्ये बोटबोट फटी होत्या. वर निजलेल्या केझायाने स्वतःचं नाव ऐकलं, पाण्याचा आवाज ऐकला, पाठोपाठ पाद्र्याची प्रार्थना. लोकांची नावं घेऊन पाद्री कधी प्रार्थना म्हणतात ते तिला माहीत होतं, त्याच महिन्यात दोनदा ऐकलं होतं. म्हणजे आपण मेलो, असं तिने समजून घेतलं. तिला त्यात फारसा फरक वाटला नाही. गळा दुखत होता तसाच दुखत होता. तहान लागली होती, पण मेलेल्या माणसाला कोणी पाणी देत नाही, म्हणून तिने मागितलं नाही. तिने पाय सरळ केले, हात छातीवर ठेवले, म्हातारी ठेवते तसे, आणि वाट पाहत पडली. कशाची, ते तिला सांगता आलं नसतं. भीती वाटली नाही. वाईटही वाटलं नाही. आपल्याला काहीच वाटत नाहीये, हे मात्र तिला स्पष्ट कळत होतं, आणि ते कळणं त्या दिवसापासून तिच्याजवळच राहिलं.

सकाळी ओडेल म्हातारी एप्रन उलटा करून, पाण्याचं तसराळं आणि फडकं घेऊन वर आली. आधी चेहरा. तिने ओलं फडकं पोरीच्या तोंडावरून घासून फिरवलं आणि फडकं काळं झालं. पोरीचे ओठ झाले गुलाबी. म्हातारी फडक्याकडे बघतेय तोवर मेलेल्या पोरीने डोळे उघडले आणि म्हणाली, "पाणी."

म्हातारी मटकन खाली बसली. मग शिडी उतरून आली आणि दारात उभ्या असलेल्या एबेलला म्हणाली, "तुझ्या पोरीनं मला खोटं पाडलं." एवढ्यात चुलीजवळच्या टोपलीतून धाकटीने पहिला टाहो फोडला. एकाच घरात, एकाच दिवशी, दोनदा. ओडेल म्हातारीने केझायाला मरेपर्यंत माफ केलं नाही. समोरून आली तर रस्ता ओलांडून जायची. सुताराने मात्र फळ्या परत जागेवर लावल्या आणि कुरकुर केली नाही.

अशा रीतीने फेन्समांच्या घरात दोन जित्या केझाया झाल्या.

एबेल पाद्र्याकडे गेला. टोपी हातात, आवाज घोड्यांशी बोलतानाचा.

"साहेब, ते कालचं नाव परत घ्यायचंय."

"बाप्तिस्मा परत घेता येत नाही, एबेल."

"मग थोरलीला दुसरं द्या. पाणी मी घेऊन येतो."

"दुसऱ्यांदाही देता येत नाही."

"म्हणजे तुमच्याकडे एकदा झालं की झालंच?"

"तसंच आहे," थर्लो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. घरात आणखी एक केझाया आहे का, हे विचारायला हवं होतं, असं त्याला तेव्हापासून रोज वाटायला लागलं. कोवळा होता.

घरी डोर्कसने धाकटीला छातीशी धरलं होतं. "हिचं नाव कोणी काढायचं नाही," ती म्हणाली. "त्या नावावर ही जगलीय. पाणी पडलं आणि श्वास आला, मी ऐकलंय. नाव काढून घेतलंत आणि हिला काही झालं तर?"

"मग थोरलीला काय म्हणायचं?"

"काहीही म्हणा. ती आता मोठी झाली."

एबेलने तिला ॲन म्हणायचं ठरवलं. आमच्याकडे ज्या पोरीसाठी काही सुचत नाही तिला ॲन म्हणतात. ती उठून बसायला लागली त्या संध्याकाळी बूट काढता-काढता त्याने तिला सांगितलं. ती स्टुलावर बसली होती, अंगावर आईची शाल, हातपाय काटकीसारखे.

"आजपासून तू ॲन."

"का?"

"केझाया ती आहे."

"आणि मी?"

"आत्ता काय सांगितलं? ॲन."

तिने मान डोलावली. रडली नाही. डोर्कस मागून कोणाला तरी सांगत होती, "बघा, काही वाटलं नाही तिला. पोरांना नाही कळत." आणि काही वाटलं नव्हतं हे खरंच होतं. दुसऱ्या दिवशी डोर्कसने "ॲन" म्हणून हाक मारली, तेव्हाही काही वाटलं नाही. पण कोणी उठलंही नाही. डोर्कसने पुन्हा हाक मारली. केझाया विणत होती. ती हट्टाने बसली होती असं मुळीच नाही. हाक मारली की माणसाच्या आत काहीतरी उठतं, आणि मग माणूस उठतो. तिच्या आत ते उठलं नाही, म्हणून ती बसली.

इम्पीबाईकडे हेच. "ॲन फेन्सम, तुझी वेणी दाखव." केझाया विणतच होती. "ॲन फेन्सम! कान फुटले का गं?" छडी. केझायाने छडी खाल्ली, वेणी दाखवली, पुन्हा बसली. बाजूचा एक आगाऊ पोरगा म्हणाला, "बाई, तिचे कान घटसर्पानं खाल्ले." इम्पीबाईला हे एकदम पटलं. दुपारपर्यंत ते गल्लीभर झालं. घरच्यांना खरं काय ते माहीत होतं, पण त्यांनाही बरं पडलं. बहिरी पोर ही सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट आहे, त्यावर कोणी प्रश्न विचारत नाही. तेव्हापासून लोक तिच्या खांद्याला हात लावून बोलवायला लागले. घरात "ए", "अगं", "थोरले". कधी डोर्कस नुसता चमचा ताटावर आपटायची.

धाकटी केझाया वाढली ती थोरलीच्या कडेवर. आज ती ल्यूटनमध्ये टोप्यांच्या कारखान्यात मुकादमीण आहे आणि दारातून आत येताना तिला तिरकं व्हावं लागतं, इतकी धडधाकट. पण डोर्कसला कायम वाटायचं की ती वाऱ्याने विझेल. थोरली तिला पाण्याची बादली न्यावी तशी न्यायची, न सांडता, न कुरवाळता. रस्त्यात कोणी "केझाया!" अशी हाक मारली की सुरुवातीला दोघी वळायच्या. बघणारे हसायचे. "अगं तुला नाही, हिला!" मग थोरली वळायची थांबली. न वळायला शिकायला तिला एक अख्खा हिवाळा लागला. विणताना मात्र नवी काडी तोंडातून ओढली की ती मनात एकदा ते नाव म्हणायची. दुःखाने नाही. दाराला कडी घातलीय ना, हे जाता-जाता चाचपून बघतात, तसं.

धाकटी बोलायला लागल्यावर एकदा म्हणाली, "ए, तुझं नाव काय?"

"तुला काय करायचंय?"

"सगळ्यांना नाव आहे. घोड्यांना पण आहे." मग जरा विचार करून, "माझं घे. संध्याकाळी परत दे."

"नाक पूस," थोरली म्हणाली.

थोरली चौदा वर्षांची झाली त्या वसंतात पाद्री थर्लो धावतच घरी आला. एवढ्या वर्षांनी त्याचे कान पुन्हा लाल झाले होते, पण या वेळी आनंदाने. "एबेल, वाट सापडली! बिशप मुलांच्या डोक्यावर हात ठेवतात ना, त्या वेळी नाव बदलता येतं. जुना रिवाज आहे, मी विचारून घेतलंय. थोरलीला ॲन म्हणून पुढे करू. बिशपांनी त्या नावाने हात ठेवला की पक्कं. मग एका घरात दोन राहणार नाहीत."

डोर्कस खुर्चीत बसली आणि रडली. तिला वाटलं, आता धाकटीचं नाव कोणी हिरावून घेऊ शकणार नाही. थोरली कोपऱ्यात विणत होती. तिला कोणी विचारलं नाही.

त्या विधीला मुलींना पांढरी टोपी लागते. डोर्कसने ती शिवली. नव्या कापडाची, कोणाच्या अंगावरची उतरवलेली नव्हे. थोरलीला आयुष्यात मिळालेली ही पहिली वस्तू, जी तिच्याआधी कोणाचीच नव्हती. आदल्या दिवशी डोर्कसने ती तिच्या डोक्यावर बसवली, बंद हनुवटीखाली बांधले, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा तिच्या गालाला हात लावला.

"छान दिसतेस," ती म्हणाली. "उद्या तुला विचारतील. हो म्हण. एवढंच मागते तुझ्याकडे. धाकटीसाठी."

"धाकटी धडधाकट आहे, आई. काल माझ्या ताटातले बटाटे तिनं उचलून खाल्ले."

"तू हो म्हण."

केझायाने टोपीची शिवण बोटाने चाचपली. बारीक, सरळ शिवण होती. आईने मन लावून शिवली होती हे तिला कळलं. गाल अजून गरम होता. त्याचं काय करायचं हे तिला कळेना, म्हणून तिने टोपी काढून खुंटीला लावली.

बाजारगावचं मोठं देऊळ पांढऱ्या टोप्यांनी भरलं होतं. आमची अर्धी गल्ली मागच्या बाकांवर होती. आम्हांला भक्तीपेक्षा उत्सुकता जास्त असते. बिशप म्हातारे, थकलेले. सकाळपासून एवढ्या डोक्यांवर हात ठेवून त्यांचे खांदे उतरले होते. केझाया त्यांच्यापुढे गुडघ्यावर बसली. थर्लो बाजूला उभा राहून म्हणाला, "ही एबेल फेन्समची मुलगी. बाप्तिस्म्याचं नाव केझाया. यापुढे ॲन."

बिशप वाकले. "बाळ, ॲन हे नाव तुला मान्य आहे?"

केझायाने त्यांच्या हातांकडे पाहिलं. नखं निळसर होती, थंडीने. आपल्याला काय वाटतंय ते तिने आत बघितलं, आणि आत नेहमीसारखंच काही नव्हतं. फक्त तिथे, त्या रिकाम्या जागेत, ते एक नाव होतं. एवढंच होतं. ते दिलं तर आत बघायलाही काही उरणार नव्हतं.

"हो म्हण," थर्लो पुटपुटला.

बाकावर एबेल अर्धा उठला. डोर्कसने धाकटीला घट्ट धरलं. आमच्यातलंच कोणीतरी मागून, मदत म्हणून, मोठ्याने म्हणालं, "तिला ऐकू येत नाही, महाराज! जरा ओरडून!"

बिशपांनी आवाज चढवला. "ॲन! हे तुझं नाव आहे का?" छतापर्यंत ते गेलं आणि परत आलं. सगळं देऊळ वळलं.

"नाही, महाराज," ती म्हणाली. "केझाया."

आवाज मोठा नव्हता, पण मागच्या बाकांपर्यंत पोचला. बिशपांनी थर्लोकडे पाहिलं. थर्लो बुटांकडे पाहत होता. बिशपांपुढे अजून पुष्कळ डोकी होती. "मग केझाया," ते म्हणाले आणि त्यांनी थंड हात तिच्या नव्या टोपीवर ठेवले.

परतताना गाडीत डोर्कस धाकटीच्या छातीवर हात ठेवून बसली होती, श्वास मोजत असल्यासारखी. धाकटी गोड पाव खात होती आणि तिचा श्वास, तोंड भरलेलं असल्यामुळे, जोरात चालला होता. थोरलीने फळीखालून काड्यांची जुडी काढली, काखेत धरली आणि विणायला घेतलं.

शेवटी टेकडी चढताना एबेलने लगाम आखडले. "सगळ्यांसमोर नाक कापलंस," तो म्हणाला. "पाद्र्यानं तुझ्यासाठी एवढी खटपट केली. आईनं टोपी शिवली. एक नाव, त्यात काय एवढं? ते आम्ही धाकटीला देऊन बसलो होतो, गावाला ठाऊक होतं, देवाला ठाऊक होतं. तुला एकटीलाच काय अडचण होती? बोल की!"

केझायाने तोंडातली काडी काढली.

"मी माळ्यावरच होते, बाबा. शिडी चढून विचारलं असतंत तर सांगितलं असतं, की नाव मला अजून लागतंय."